प्रतिध्वनीवर ठरणारा कोटा

पेरूच्या समुद्रात मासेमारीचा हंगाम उघडण्याआधी सरकारी संशोधन जहाज फिरून येते. तळाशी बसवलेल्या यंत्रातून ते पाण्यात ध्वनीचे ठोके सोडते आणि परतणारे प्रतिध्वनी टिपते. मोजायचा असतो अँचोव्हेटा, आपल्या मांदेलीचा नातेवाईक; या मोजणीवरच हंगामाचा कोटा ठरतो. एकाच जातीवर चालणारी जगातली सर्वांत मोठी मासेमारी याच चिमुकल्या माशाची आहे.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. त्यामुळे १५० मीटर खोलीवरच्या थव्याचा निरोप पाव सेकंदाच्या आत वर पोचतो. तो मुख्यतः परतवते माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळीच्या पोटात तिलाच बोत म्हणतात आणि तिला सोन्याचा भाव येतो. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या कॉडचे प्रतिध्वनी-आलेख १९३५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले, तेव्हा थवा कागदावर दिसला. थव्यात मासे किती, हे काढायची रीत नंतर बसली: एकूण प्रतिध्वनीला एका माशाच्या प्रतिध्वनीने भागायचे.

भागाकारात खाचखळगे पुष्कळ. मासा तिरका झाला की प्रतिध्वनी क्षीण होतो, जहाजाच्या आवाजाने थवा बुडी मारतो, आणि अगदी वरच्या थरातला मासा यंत्राला दिसतच नाही. म्हणून यंत्र आधी धातूच्या गोळ्यावर पारखतात आणि जाळे टाकून माशाची जात व लांबी पाहतात.

ही खटपट पेरूला परवडते, कारण अंदाधुंदीची किंमत त्याने मोजली आहे. १९७० मध्ये तिथे सुमारे १.२ कोटी टन अँचोव्हेटा पकडला गेला. बेसुमार मासेमारी आणि एल निनो एकत्र आले, आणि १९७३ मध्ये आकडा २० लाखांच्या खाली घसरला. २०२३ मध्ये मात्र १२ सेंटिमीटरहून लहान पिल्लांचा भरणा दिसताच सरकारने उत्तर-मध्य भागातला पहिला हंगामच रद्द केला.

भारताला हे तंत्र नवे नाही. १९७० च्या दशकात कोचीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तारली-बांगड्याचे थवे ध्वनीनेच शोधले होते. आज कोकणातल्या पर्ससीन नौकांवरही थवा हेरणारी यंत्रे आहेत. आपला हिशेब मात्र मुख्यतः बंदरात उतरलेल्या मासळीवर चालतो आणि पावसाळी बंदी तारखेवर. थवा पकडणाऱ्याकडे जे यंत्र आहे, ते थवा राखणाऱ्यानेही वापरावे. राज्य आणि केंद्राने तारली-बांगड्याची ध्वनिपाहणी दरवर्षी करावी आणि तिचे आकडे हंगामाआधी मच्छीमार सोसायट्यांपुढे ठेवावेत.