लाल वाइन आणि झाकलेले ताट

परवा आपल्या वाचनालयात एका जुन्या मासिकातील लेख हाती लागला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लोत नदीच्या काठी काओर नावाचे गाव आहे. तिथली लाल वाइन इतकी गडद की तिला 'काळी वाइन' म्हणतात. माल्बेक जातीची द्राक्षे तिच्यात निदान ७० टक्के हवीत, असा नियमच आहे. पण लेखकाने दोन पाने खर्च केली होती ती हिच्याबरोबर काय खावे यावर! बदकाचे मांस, किंवा कास्सुले, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेला तिकडचा खेडवळ पदार्थ.

आधी मला हसू आले. कारण वाचले, आणि ते पटले. द्राक्षाच्या साली-बियांत तुरटपणा असतो. जांभळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच. मांसातील प्रथिने नि चरबी त्याला आवर घालतात. उलट तिखटाने मद्याची आग वाढते. म्हणजे आमच्या ठेच्याशी हिचे जमायचे नाही. तुपात बुडवलेले रोडगे नि चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत यांच्याशी कदाचित जमेल. कदाचितच म्हणतो, कारण मी ती चाखलेली नाही. माझे वय १९. आपल्या राज्यात वाइनलाही २१ पूर्ण लागतात. शिवाय एक कारण घरचे आहे.

आमच्या घरी बाबा पिऊन येतात तेव्हा जेवत नाहीत. माय ताट वाढून त्यावर दुसरे ताट झाकते आणि भिंतीला टेकून बसते. सकाळी तीच भाकर ती स्वतः खाते. "उपाशी पोटी ढोसली का आतडं जयते रे," एवढेच तिचे म्हणणे. तिकडे बाटलीसाठी जेवण निवडतात आणि आमच्याकडे बाटलीपायी जेवण राहते. त्या दोन पानांचा मला राग आला तो यामुळे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा मी शाळेत होतो. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य तेव्हा कानावर पडले. मित्रहो, शंभर भागांत बारा-चौदा भाग मद्यार्क असलेल्या पेयाला दारू म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दुसरा मुद्दा शेतकऱ्याच्या हिताचा. तो नाशिकपुरता मी मान्य करतो. तिथे द्राक्षे आहेत, कारखाने आहेत. आमच्या शिवारात सोयाबीन आणि तूर! बाटलीचा पैसा नाशिककडे जाणार, आणि झाकलेली ताटे मात्र मंगरूळपीर-मानोऱ्याकडेही वाढणार. हा हिशेब कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

बरे, ज्यांचे उदाहरण देतात त्या फ्रान्समध्ये तरी काय? १९५६ पर्यंत तिथे शाळेच्या जेवणात लहान मुलांना वाइन मिळत असे. त्या वर्षी चौदा वर्षांखालच्यांना ती बंद झाली. १९९१ च्या कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने आली. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरांवर असलेले वाइनचे प्रमाण आज निम्म्याहूनही खाली आले आहे. ते लोक उतरताहेत त्या पायऱ्या आपण चढायच्या?

म्हणून मी सोवळे घेऊन बसलो आहे असे नव्हे. आपले वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्यांची परदेशी मंडळी मद्य पिताना रंगवली आहेत. चित्र सुंदर आहे. त्यात कुणाची बायको भिंतीला टेकून बसलेली नाही, इतकेच.

त्या लेखातला जेवणाचा भाग मी रविवारी घरी गेल्यावर मायला वाचून दाखवला. बाबा ओसरीवर होते, त्या दिवशी शुद्धीत. कास्सुलेची कृती मायने दोनदा ऐकली, घेवडा किती वेळ शिजवतात ते विचारले. मग म्हणाली, "आन् थे समदे संगं बसून खातेत का?"

मी हो म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून हातपाय धुऊन आले आणि पाटावर बसले.