शिक्षिका घडवायची की सेविका राबवायची?

लहान मुलांना शिकविण्यास फारसे शिक्षण लागत नाही, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. ज्या वयात माणसाची भाषा, जिज्ञासा आणि इतरांबरोबर राहण्याची रीत घडते, त्या वयाची जबाबदारी आपण सर्वांत कमी मोबदल्यात आणि सर्वांत कमी तयारीवर सोपवीत आलो आहोत. या समजुतीशी झगडावयाचे की तिचा फायदा घ्यावयाचा, हा शासनापुढील खरा प्रश्न आहे. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे बदलते स्वरूप पाहता उत्तर समाधानकारक मिळत नाही.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३९ साली डॉ. मारिया माँटेसरी मद्रासजवळ अड्यार येथे आल्या व त्यांनी स्वतः शिक्षकांचे वर्ग घेतले. हे शिक्षण कसदार होते, परंतु त्याचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपुरता राहिला. ही मर्यादा ताराबाईंनी ओळखली. १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांमध्ये काम मांडले. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात गेले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. महागड्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. शिक्षिकेची तयारी पाड्यावरील जीवनाशी जोडली गेली. मुलांत वावरल्यावाचून मुलांना शिकविता येत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. गरिबांच्या दारापर्यंत पोहोचलेली एवढी मोठी यंत्रणा दुसरी क्वचितच सापडेल, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवांचा भार एकाच बाईच्या शिरावर आला. २०२१ पासून त्यात मोबाइलवर नोंदी भरण्याच्या कामाची भर पडली. वजने घेणे, आहार वाटणे आणि माहिती भरणे यांतून उरेल तो वेळ शिक्षणाचा, असा क्रम लागला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालशिक्षणास पायाभूत स्थान दिले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी योजना त्यात आहे. पण हे शिक्षण प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या वाहिन्या व स्मार्टफोन यांच्यामार्फत, नोकरीत खंड न पडता व्हावयाचे आहे. प्रत्यक्ष भेटीची हमी आहे ती महिन्यातून किमान एका वर्गाची. २०२३ साली ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सेविकेच्या वाट्याला तीन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले गेले. रडणाऱ्या मुलाला बोलते कसे करावे, घरी वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीकडे कसे न्यावे, हे पडद्यावर पाहून शिकता येईल काय? आणि दिवसभर राबून घरी परतलेल्या बाईने हा अभ्यास कोणत्या वेळी करावा?

प्रशिक्षणाचा प्रश्न शेवटी दर्जाचा प्रश्न आहे. अभ्यासक्रम शिक्षिकेचा आणि मोबदला मात्र मानधन, ही विसंगती किती काळ चालणार? केंद्राने २०१८ साली सेविकेचे मानधन ४,५०० रुपये ठरविले. राज्ये त्यात आपली भर घालतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. तरीही महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना ४ डिसेंबर २०२३ पासून बेमुदत संपावर जावे लागले आणि तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. मागण्यांत मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतनही होते. दुसरीकडे शहरांत शुल्क भरून पदविका घेतलेल्या तरुणी खाजगी शिशुवर्गांत तुटपुंज्या पगारावर काम करतात. दोन्हीकडे मूळ एकच: लहान मुलांचे संगोपन हा बायकांचा स्वाभाविक धर्म मानला की त्याचे दाम देण्याची गरज उरत नाही.

म्हणून आमच्या मते मागणी स्पष्ट हवी. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी आणि मुलांच्या सहवासात व्हावे. प्रत्येक तालुक्यात अनुभवी शिक्षिकांचे मार्गदर्शन मिळावे. नोंदींचे काम वेगळ्या व्यक्तीकडे द्यावे. आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व वेतनश्रेणी मिळावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहाव्या वर्षापासून सुरू होते. ती तिसऱ्या वर्षापर्यंत खाली आणण्याची मागणी याच लढ्याचा भाग आहे.

कार्यकर्त्यांनी सेविकांच्या मोर्चात सामील व्हावेच. पण त्याआधी आपल्या गावातील अंगणवाडीत एक सकाळ बसून तेथे काय शिकविले जाते, कोण शिकविते आणि कशाच्या बळावर, हे पाहून यावे. श्रीमंताच्या मुलाला तयार शिक्षिका आणि गरिबाच्या मुलाला तीन दिवसांची तयारी, ही वाटणी मान्य केली, तर विषमतेची सुरुवात शाळेच्या पहिल्या घंटेपूर्वीच झालेली असेल.