डोळ्यांत घरचं औषध सोडू नका

गळीत हंगामात कोडोलीच्या शिवारात पाचट पेटतं, गुऱ्हाळाचा धूर दारापर्यंत येतो. त्यात दिवसभर मोबाईल, रात्रभर डोक्यावर पंखा. डोळे कोरडे पडून चुरचुरतात, वाळू गेल्यागत खुपतात, कधी उलट पाणीच गळतं. मग कुणीतरी सांगतं, हळदीचं पाणी सोडा, मध घाला. हात जोडून सांगतो, यातलं काहीही डोळ्यांत घालू नका.

हळदीत गुण नाही असं मी म्हणत नाही. कोरड्या डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह होतो. तो हळदीतल्या करक्युमिननं, कांद्यातल्या क्वेरसेटिननं कमी करता येईल का, यावर संशोधन चालू आहे. अडचण आहे ती औषध डोळ्यात टिकवण्याची. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात खराब होतं. शिवाय ड्रॉपरचा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा आणि डोळ्यात एरवी असणारं पाणी जेमतेम 7 ते 10. बाकीचं गालावर ओघळतं, नाहीतर नाकात उतरतं. म्हणून संशोधक औषध अतिसूक्ष्म कणांत भरून पाहतात, डोळ्यात पडल्यावर घट्ट होणारे थेंब बनवतात. आणि ते निर्जंतुकच असावे लागतात. 2023 साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित थेंबांतून जंतुसंसर्ग पसरला. काहींची दृष्टी गेली, काही दगावले. तिथं आपल्या वाटीतल्या हळदीची काय कथा!

त्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल, पाळी थांबली असेल, गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा. त्यांनी दिलेला थेंब नीट घाला: हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका. दोन टाकले तर दुसरा वायाच जातो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका, एकाची बाटली दुसऱ्यानं वापरू नका.

मेडिकलमधून ‘लाली जायचा थेंब’ मनानं आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर बरं वाटतं खरं, पण बरेच दिवस घातल्यास काचबिंदू होऊ शकतो. आणि उसाचं पातं डोळ्याला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; त्या जखमेत बुरशी धरते.

वारणानगरला फार्मसी शिकणाऱ्या पोरापोरींनो, सुट्टीला घरी आलात की आजीची थेंबाची बाटली बघा. उघडून महिना झाला असेल तर टाकून द्या आणि नवी आणा.