क्रूझ ठरवताना दवाखानाही पाहा
छत्रपती संभाजीनगरातून मुंबई गाठून क्रूझवर जाणारी कुटुंबे भाडे, केबिन, जेवण यांची तुलना करतात. जहाजावरील दवाखान्याची चौकशी मात्र राहून जाते. २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिक कोरोनाबाधित झाले. बंदिस्त जागेत संसर्ग झपाट्याने पसरतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसे पडत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावेत. मधुमेह, हृदयविकार असलेले आई-वडील सोबत असतील तर डॉक्टर चोवीस तास असतो का, रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे आधी लेखी विचारावे. भर समुद्रात १०८ची रुग्णवाहिका येत नाही. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पण या प्रश्नांना बगल देणाऱ्या कंपनीचे बुकिंग टाळलेलेच बरे.