देवाला पातोळी, स्नेह्याला खोके

संध्याकाळच्या वेळी स्नेहीमंडळींना नुसत्या गोडाला बोलावण्याची चाल आपल्या गोमंतकीय समाजात आता चांगलीच रूढ झाली आहे. चतुर्थीच्या दिवसांत तर ती विशेष दिसते. पानांची मांडामांड नाही, पंक्तींची घाई नाही. चार स्नेही येतात, देवापुढे हात जोडतात, घटकाभर बोलत बसतात आणि बशीभर गोड खाऊन आपापल्या घरी जातात. या चालीविरुद्ध आम्हांला काहीच म्हणावयाचे नाही. माणसांना एकत्र यावयास निमित्त हवे असते, आणि गोडाइतके निर्मळ निमित्त दुसरे सापडणे कठीण. आमचे भांडण आहे ते त्या बशीत काय वाढले जाते याच्याशी.

काय वाढले जाते? चांदीचा वर्ख लावलेली खव्याची दोन चौकोनी वडी, पाकात बुडालेला एक पांढरा गोळा, हिरव्या-गुलाबी रंगाचा एक तुकडा, आणि शेवटी शीतकपाटातून काढलेल्या केकची फोड. सहा प्रकार असले तर आठ का नाहीत, अशी यजमानांना रुखरुख. पाहुणा प्रत्येकातले अर्धे खातो, उरलेले बशीच्या कडेला सारतो आणि 'फार छान' म्हणून उठतो. काय छान होते, हे त्याला घरी गेल्यावर आठवत नाही. आणि याच घराच्या परसात हळदीची पाने कमरेइतकी वाढून पावसात निथळत उभी असतात!

त्याहून चमत्कारिक गोष्ट देवघरात असते. नैवेद्याच्या ताटात, तुळशीच्या पानाखाली, घरी केलेल्या पाच पातोळ्या ठेवलेल्या असतात. देवापुढे बाजारचे खोके उघडून ठेवण्यास यजमानीणबाईंचे मन धजलेले नसते. मग जे देवापुढे ठेवण्यास मन धजले नाही, ते स्नेह्यापुढे ठेवण्यास कसे धजते? अतिथीला देवाच्या जागी मानण्याचा उपदेश आपण देवळातल्या कीर्तनांत माना डोलावून ऐकतो. घरी आल्यावर मात्र देवासाठी एक माप आणि अतिथीसाठी दुसरे, असा आपला व्यवहार! आमचा मूळ आक्षेप तो हाच.

आता पातोळीचाच विचार करू. भिजवलेला तांदूळ वाटावयाचा, त्याचा पातळ थर हळदीच्या पानावर सारवावयाचा, मध्ये गूळ-खोबऱ्याचे चून पसरून पान दुमडावयाचे आणि मोदकपात्रात वाफवावयाचे. पान उलगडले की जो वास सुटतो, तो कोणत्याही अर्काने आणता येत नाही. ही पाने पावसाळ्यातच मिळतात. थंडी पडू लागली की हळदीचे रोप सुकते. शिवाय पातोळी दुसऱ्या दिवशी कोरडी पडते. मणगण्याचेही तसेच. हरभऱ्याची डाळ मऊ शिजावी पण मोडू नये, साबुदाणा पारदर्शक व्हावा, गूळ आणि नारळाचा पातळ रस आधी पडावा आणि दाट रस अगदी शेवटी. तो पडल्यावर खळखळून उकळी आली की रस फुटलाच. हे पदार्थ खोक्यात राहत नाहीत, साठवता येत नाहीत. व्यापाराच्या दृष्टीने हा त्यांचा दोष असेल. आतिथ्याच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण आहे. ते ज्याच्यासाठी केले त्यालाच मिळतात. पातोळी पुढे आली म्हणजे पाहुण्याला न सांगता कळते, की आज आपण येणार म्हणून या घरात चूल पेटली होती.

गोडाला बोलावणे ही आपल्याकडे काही परक्यांनी आणलेली कल्पना नव्हे. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतो, अभ्यंगस्नान होते, तुळशीपुढे कारीट फोडले जाते, आणि मग शेजारीपाजारी, आप्तेष्ट एकमेकांच्या घरी फोव खाण्यास जातात. गुळातले फोव, नारळाच्या रसातले फोव, दह्यातले, तिखट, बटाट्याचे. घरोघरी धान्य एकच, पण हात निराळे. या घरच्या रसातल्या फोवांना वेलचीचा वास अधिक, त्या घरच्या गुळातल्या फोवांत खोबरे सढळ. कोणाच्या घरी किती प्रकार होते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. अमक्यांच्या घरचे फोव मात्र वर्षभर आठवतात. ज्या समाजापाशी ही रीत आहे, त्याने गोडाचे बोलावणे कसे करावे हे मिठाईच्या दुकानापुढे उभे राहून शिकावे, याहून मोठी दैना कोणती?

कोणी म्हणेल, की हा सारा उपदेश बायकांच्या डोक्यावर भार ठेवून चालला आहे. नोकरी करून सहा वाजता घरी पोहोचणाऱ्या स्त्रीने नारळ खवावे, वाटावे, गाळावे आणि शिवाय हसतमुखाने वाढावे, अशी अपेक्षा करणारे तुम्ही कोण? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. पूर्वीच्या पक्वान्नांच्या मागे किती जणींचे कंबरडे मोडले, हे सांगितल्यावाचून त्यांची स्तुती करणे हा ढोंगीपणा होय. परंतु यावर उपाय खोके हा नव्हे. पहिला उपाय असा, की आठ प्रकारांचा हव्यास सोडावा. एक पदार्थ करावा, फार तर दोन. दुसरा उपाय पुरुषांसाठी आहे. माटोळीची फळे शोधीत जे दिवसभर रानात हिंडतात, त्यांना आदोळीवर बसून दोन नारळ खवण्याने कमीपणा का यावा? आणि तिसरा उपाय स्नेह्यांसाठी. पातोळ्या लावावयाच्या असतील तर मंडळींनी तासभर आधी यावे आणि सर्वांनी मिळून पाने सारवावीत. गप्पा काय, हात चालू असतानाच अधिक रंगतात.

दुसरा आक्षेप संकुचितपणाचा. परप्रांतीचे, परदेशीचे काहीच खावयाचे नाही काय? आम्ही असे म्हटलेले नाही. ज्या मणगण्याची आम्ही तरफदारी करतो त्यात पडणारा काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. फोवांतला बटाटा आणि मिरची यांचे मूळही अमेरिका खंडांतच आहे. आपल्या पूर्वजांनी ती घेतली आणि आपल्या हाताने आपलीशी केली. घेणे आणि विकत घेणे यांत हा फरक आहे. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरचे माडाच्या काळ्या गुळाचे दोदोल कोणी प्रेमाने दिले तर ते आम्ही अभिमानाने बशीत वाढू. बेबिंकही वाढू, मात्र त्यात अंड्यांचे बलक असतात हे शाकाहारी स्नेह्याला आधी सांगू. दुकानाशीही आमचे वैर नाही. माघात कवळ्याच्या आणि मंगेशीच्या जत्रेत मिळणारे आल्याच्या वासाचे खाजे आपण पिढ्यान्‌पिढ्या विकतच घेत आलो. गोव्याच्या या खाज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाजे घरी कोणी करीत नाही. तो खाजेकारांचा वंशपरंपरेचा धंदा आहे आणि त्यांच्या मेहनतीचा मान राखलाच पाहिजे.

येथे एका खोट्या युक्तिवादाचा आधार आम्ही घेणार नाही. गूळ-नारळाचे गोड प्रकृतीला अपाय करीत नाही, असे पुष्कळजण हल्ली सांगतात. मधुमेह्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसे अंतर नाही. तेव्हा त्या स्नेह्यासाठी उसळ करावी, फळे कापावीत आणि आग्रह आवरावा. एकादशी असेल त्याला तांदळाची पातोळी चालणार नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे. कोण येणार, दिवस कोणता, ऋतू कोणता, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच पदार्थाची निवड. दुकानातल्या काचेपुढे उभे राहिल्यावर यांतला एकही प्रश्न मनात येत नाही. तेथे एकच प्रश्न उरतो, शोभेल काय?

शेवटी एक जुनी गोष्ट. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूम काढला. धर्मांतरितांनी आपल्या पूर्वीच्या रीती पाळू नयेत, यासाठी तो होता. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवणे यासारख्या अगदी चुलीपाशी चालणाऱ्या गोष्टींनाही त्यात मनाई होती. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे तो अनेकांना ठाऊक झाला. ज्या घरांवर असली दडपणे आली, त्या ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टला, सायबिणीच्या सणाला, आजही हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्या जातात. राजसत्तेला आणि धर्मसत्तेला जे चुलीवरून उतरवता आले नाही, ते आपण, कोणीही धाक घातला नसताना, चार रंगीत तुकड्यांच्या ऐटीसाठी आपल्या हाताने उतरवून ठेवीत आहोत. याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

फणसाच्या दिवसांत सांदणे करावीत, श्रावण-भाद्रपदात पातोळ्या, तवशी पिकली म्हणजे तवसाळी. आणि काहीच सुचले नाही तर नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या बारा महिने आहेतच. एखादे वेळी पातोळी पानाला चिकटेल, मणगणे थोडे दाट होईल. होऊ द्यावे. स्नेही परीक्षक म्हणून आलेले नसतात. येत्या चतुर्थीला देवाच्या ताटासाठी पाच पातोळ्या कराल, तेव्हा त्याच पिठाच्या आणखी पंचवीस करा, आणि देवाच्या ताटात जे आहे तेच स्नेह्याच्या बशीत वाढा. आमचे मागणे एवढेच आहे.