हार घालणाऱ्यांचा जुना हिशेब

3 जानेवारी, 11 एप्रिल, 14 एप्रिल. पुण्यातल्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना या तारखा पाठ असतात. सावित्रीबाई, जोतीराव, बाबासाहेब यांच्या पुतळ्यांना हार पडतात, भाषणे होतात. त्यांच्या मागण्यांचे त्या त्या वेळच्या राजकारणाने काय केले, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी काढत नाही. आपण स्त्री-संघटनांनी तो काढला पाहिजे, कारण त्याच राजकारणाचे वारस आपल्याकडे मत मागायला येतात.

गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच अर्पण केले होते. पण गुलामी पुण्याला परकी नव्हती. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात. व्यभिचाराचा आरोप ठेवून बाईला कुणबीण करण्याची शिक्षा खुद्द सरकार देत असे. 1843 च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार गेला. दलितांच्या श्रमावर आणि बाईच्या शरीरावर सांगितलेला हक्क मात्र रूढी म्हणून चालू राहिला. अशी रूढी मोडायला राजकीय ताकद लागते. पक्षांची जबाबदारी इथूनच सुरू होते.

1895 साली काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले. तोवर सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरत असे. पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी त्याला विरोध केला आणि न्यायमूर्ती रानड्यांना परिषद दुसरीकडे घ्यावी लागली. ही परिषद काही दलितांची नव्हती, मुख्यतः सुशिक्षित उच्चवर्णीयांचीच होती. तरीही विधवांचे, बालविवाहाचे, जातीचे प्रश्न मांडवाबाहेर गेले. ‘आधी राजकीय, मग सामाजिक’ हे सूत्र पक्के झाले, आणि तो ‘मग’ लांबत राहिला.

1929 साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने पर्वतीचा सत्याग्रह झाला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी त्यात उतरले, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. काही कार्यकर्ते पुढे येतात, पक्ष मात्र मागे थांबतो, हे तेव्हाही दिसले.

वेठीचेही तेच झाले. महार वतनात राबणारा माणूस हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी धरून नेत. एकाच्या वतनाखाली सारे घर बांधलेले असे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणले. 1937 मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, 1947 मध्ये स्वातंत्र्य आले, आणि ही वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 साली. तीस वर्षे! हिंदू कोड बिलाला काँग्रेसमधल्या सनातन्यांनी आणि हिंदू महासभेने विरोध केला. ते रखडल्यावर बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले.

दोष एकाच पक्षाचा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 1978 साली केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. शिवसेनेने नामांतराला उघड विरोध केला, इतर पक्षांची सरकारे कचरत राहिली, आणि अखेर 1994 साली नामविस्तार झाला. घरे जळतात तेव्हा बायकांवर दुहेरी हल्ला होतो, हे 2006 च्या खैरलांजीनेही दाखवले.

यावर म्हटले जाते, ‘पूर्वजांनी केले त्याचा जाब आम्हाला का?’ पण पक्ष म्हणजे एखादा माणूस नव्हे. तो कचेऱ्या, निधी, निशाणी, पुढाऱ्यांची पुण्याई असे सगळे वारशाने घेतो. पुण्याई घ्यायची आणि देणे नाकारायचे, असा वारसा नसतो. अमेरिकेतही हा वाद आहे. गुलामांच्या मालकांची बाजू घेणारा डेमोक्रॅटिक पक्ष पुढे 1964 च्या नागरी हक्क कायद्यामागे उभा राहिला. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने दक्षिणेतल्या गोऱ्या मतांसाठी वर्णद्वेष वापरला, आणि 2005 साली त्या पक्षाच्या अध्यक्षांनी ती चूक कबूल केली. पक्षाच्या नावावर विसंबून चालत नाही, वागणे पाहावे लागते, हे यातून कळते. आपल्याकडेही 1984 च्या शीखविरोधी हिंसेबद्दल पंतप्रधानांनी 2005 साली राज्यसभेत माफी मागितली. म्हणजे कबुली देता येते. जातीच्या बाबतीत असा ठराव आपल्या पक्षाने कधी केला, ते प्रत्येकाने दाखवावे.

नुसत्या माफीने पोट भरत नाही हेही खरे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 साली झाला, पुन्हा 2013 साली करावा लागला. महिला आरक्षणाचे विधेयक 1996 साली आले आणि 2023 साली मंजूर झाले. त्यात इतर मागासवर्गीय स्त्रियांना वेगळा वाटा नाही, आणि अंमल जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, असे कायद्यातच लिहिले आहे. तोच जुना ‘मग’!

मैत्रिणींनो, आपल्या वस्तीत उमेदवार आला की पाणी-रस्त्याबरोबर आणखी तीन प्रश्न लेखी द्या. तुमच्या पक्षाने जातीच्या प्रश्नावर कोणत्या वेळी माघार घेतली? खुल्या जागेवर किती दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त बायकांना उमेदवारी दिली? गटार साफ करताना मेलेल्या माणसाच्या बायकोला भरपाई मिळावी म्हणून काय केले? उत्तरे लिहून घ्या, आणि वस्तीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा.