बोरू आणि सब्र

२०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या, तरावीह घरातच होत होती. दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहायचा, उरलेल्या वेळात मोबाईल. त्यावर साथीचं खापर आपल्या समाजावर फोडणारे मेसेज. माझी झोपच उडाली होती.

एका रात्री सहरीपर्यंत जागाच होतो. अब्बांचा जुना बोरू काढला आणि पाठकोऱ्या कागदावर अलिफ गिरवू लागलो. अरबी सुलेखनात बोरूचं टोक तिरकं टेकवलं की चौकोनी नुक्ता उमटतो. अलिफची उंची त्या नुक्त्यांनी मोजायची. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांची ही प्रमाणं बसवली. दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, ९४० साली तो कैदेत वारला. त्याचं गणित मात्र आजही शिकवलं जातं.

घाई केली की रेघ बिघडते. त्या अर्ध्या तासात मोबाईल आठवतही नसे.

माझा कागद पाहून अम्मी हसली आणि पुन्हा क्रोशाच्या सुईकडे वळली. वर्षानुवर्षं ती विणते आहे. तिला मी कधी कलाकार म्हटलं नव्हतं.

कलेने द्वेष थांबत नाही. त्याला संविधानाच्या मार्गानेच उत्तर द्यावं लागेल. पण उत्तर देणारं मन आधी शाबूत हवं. म्हणून मित्रमैत्रिणींनो, रोज अर्धा तास हाताला काही करू द्या. आणि घरातल्या बायकांच्या मेहंदीला, विणकामाला कला म्हणायला आजपासून सुरुवात करा.